लिंकन यांच्या ‘अपयशांच्या यादी’बद्दल खुलासा

‘१८३२ मध्ये निवडणूक हरले, धंदा बुडाला, पुन्हा हरले... शेवटी राष्ट्राध्यक्ष झाले!’ अब्राहम लिंकन यांची ही यादी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरते आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यादी अर्धवट आहे. मधले बहुतेक विजय त्यात गाळले आहेत.

१८३२ मध्ये ते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक हरले, हे खरं. पण त्यांच्या न्यू सालेम गावात ३०० पैकी २७७ मतं त्यांनाच पडली होती. पुढे १८३४, १८३६, १८३८ आणि १८४० असे लागोपाठ चार वेळा ते निवडून आले. राज्याची राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आणि १८३७ चा प्रसंग तर यादीत नावालाही नाही. गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या संघटनांचा निषेध करणारे ठराव सभागृहाने ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केले. त्या सहांत लिंकन होते. मार्चमध्ये डॅन स्टोन या एकट्या सहकाऱ्यासोबत त्यांनी लेखी नोंदवलं, की गुलामगिरी अन्यायावर उभी आहे. तेव्हा त्यांचं वय होतं २८! मला तरी हा त्यांच्या आमदारकीतला सर्वांत मोठा दिवस वाटतो.

‘१८४८ मध्ये काँग्रेसची (म्हणजे अमेरिकी संसदेची) उमेदवारी गमावली’ हे तर चूकच. त्यांच्या व्हिग पक्षात ती जागा आळीपाळीने द्यायची असं ठरलं होतं, म्हणून ते उभेच राहिले नाहीत. सिनेटचे (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे) १८५५ आणि १८५८ चे पराभव मात्र खरे आहेत. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर विधिमंडळावर निवडून आल्याची वरची चार वर्षं त्यात जरूर घाला.