टियारा, मुंडावळ्या आणि गुलामी: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, युरोपातल्या राजघराण्यांच्या टियारांवर, म्हणजे राण्या डोक्यावर पुढच्या बाजूला घालतात त्या रत्नजडित अर्ध्या मुकुटांवर, मी पोस्ट लिहिली होती, तिच्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण लगेच उत्तर दिलं नाही कारण खरं सांगायचं तर ती लागली होती. तुम्ही लिहिलंय की ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्याच मुकुटांचं मी कौतुक करतेय, ही गुलामीची सवय आहे आणि आजच्या काळात असल्या गोष्टींची भुरळ पडणंच चुकीचं.

लुटीचं म्हणणं मान्य, शंभर टक्के. १८४९ च्या लाहोरच्या तहात इंग्रजांनी कोहिनूर लिहून घेतला तेव्हा पंजाबचे महाराज दलीपसिंग अवघे १० वर्षांचे होते, आईपासून त्यांना आधीच तोडलेलं, आणि अशा पोराकडून घेतलेल्या सहीला मी तरी तह म्हणणार नाही. वर लंडनला नेऊन १८५२ मध्ये तो परत कापला, १८६ कॅरटचा साधारण १०५ वर आणला. हे मूळ पोस्टमध्ये यायलाच हवं होतं, आज ॲड करते.

पण भुरळ पडणंच चुकीचं, हे नाही पटत. भुरळ राजाची असती तर राजा गेल्यावर ती पण गेली असती ना? फ्रान्सचं बघा. १८८७ मध्ये तिथल्या रिपब्लिक सरकारने राजघराण्याचे दागिने लिलावात काढले, राजेशाही परत नकोच म्हणून. त्यात सम्राज्ञी युजेनीचा १८५३ चा टियारा होता, २१२ मोती आणि दोनेक हजार हिरे. तो एका जर्मन घराण्याकडे गेला आणि १९९२ मध्ये परत आला तो लूव्ह्र म्युझियममध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बघायला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे चोरी झाली त्यात तो गेला, आणि खूप वाईट वाटलं मला, कुणा राणीसाठी नाही, ज्या कारागिरांनी तो घडवला त्यांच्यासाठी.

कारण ही वस्तू कशी बनते ते जवळून बघायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या काही टियारांमधली हिऱ्यांची फुलं बारीकशा स्प्रिंगवर बसवलेली असतात, त्यामुळे घालणारीने नुसती मान हलवली तरी ती थरथरतात, आणि मेणबत्तीच्या उजेडात ते थरथरणं कसं दिसत असेल याचा विचार करा. वजनाचंही तसंच. ब्रिटनची राणी एलिझाबेथ २०१८ मध्ये बीबीसीवर म्हणाली होती की संसदेच्या उद्घाटनाला घालतात तो किलोभराचा मुकुट डोक्यावर असताना भाषण वाचायला खाली बघता येत नाही, कागदच वर धरावा लागतो, नाहीतर मान मोडेल. डोक्यावर काही चढलं की माणूस आपोआप ताठ बसतो, वेगळा दिसतो, आणि ओढ आहे ती याची. त्याला सिंहासन लागत नाही. स्वीडनमध्ये कितीतरी चर्चकडे नवरीचा मुकुट असतो, साध्या घरातली मुलगी लग्नापुरता तो मागून नेते.

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे हो? गावाकडे भेंडाचं, बेगड लावलेलं बाशिंग बांधलं की काल शेतात राबणारा पोरगा नवरदेव होतो, अख्खा गाव त्या दिवशी त्याला मान देतो. मुंडावळ्यांचे ते गालाशी लोंबणारे सर, नवरी जरा हसली तरी हलतात. हे आपण इंग्रजांकडून नाही शिकलो.

१९४७ मध्ये एलिझाबेथच्या लग्नाच्या दिवशी सकाळी तिचा टियारा ऐनवेळी तुटला आणि सराफाकडे पळवून जोडून आणावा लागला, हे मी पोस्टमध्ये लिहिलं होतं आणि तुम्ही विचारलंत की यात आपल्याला काय त्याचं. ताई, माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना माझ्या मुंडावळीचा एक सर तुटला होता. मोती खोटेच होते, पण आत्या मंगलाष्टकं चालू असताना खाली बसून एकेक वेचत होती, आणि पदराच्या पिनेला अडकवलेल्या सुई-दोऱ्याने तिने तो तिथेच ओवून परत बांधला. ती मुंडावळ अजून माझ्याकडे आहे, तेवढा एक दोरा पांढऱ्याऐवजी हिरवा आहे.