‘वॉरगेम्स’मधला संगणक कमोडोर ६४ नव्हता

‘वॉरगेम्स’ पाहून प्रोग्रॅमिंगकडे वळलेल्यांच्या आठवणींसोबत एक दावा फिरतोय: चित्रपटातल्या मुलाच्या खोलीतला संगणक कमोडोर ६४ होता. हे चूक आहे. तो होता इम्साय ८०८०. ज्या यंत्राने इतक्या मुलांना वेड लावलं, त्याचं नाव तरी बरोबर लिहूया. चित्रपट १९८३चा, यंत्र मात्र १९७५चं, म्हणजे पडद्यावर आलं तेव्हाच जुनं. कमोडोर ६४ कीबोर्डच्याच पोटात मावायचा; इम्साय ही मोठी जड पेटी. पुढे लाल-निळ्या खटक्यांची रांग, वर लुकलुकणारे दिवे. खटके वरखाली करून मेमरीत थेट एकेक बाइट (आठ बिट) भरता यायचा! कीबोर्ड वेगळा जोडावा लागे. चित्रपटात संगणक बोलतो तो यांत्रिक आवाजही संगणकाचा नाही, अभिनेते जॉन वुड यांचा आहे.