रोमन लोकांना मनात वाचता येत होतं

रोमन लिपीबद्दलचा एक फॉरवर्ड गेले काही दिवस फिरतोय. माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, म्हणून हा खटाटोप. त्यातले दावे असे: रोमन लोक दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळे त्यांना मनात वाचताच येत नसे, जागा छपाईवाल्या गुटेनबर्गने आणली, लहान अक्षरं (a, b, c) आठव्या-नवव्या शतकांतल्या सम्राट शार्लमेनने शोधली, देवनागरीत मात्र शब्द पहिल्यापासून सुटे.

मनात वाचता येत नसे, हे तर धादांत खोटं. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचत, असं त्यांना भेटलेल्या संत ऑगस्टीन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय, तेवढ्यावर हा डोलारा उभा आहे. पण ते असं का वाचत असतील याची ऑगस्टीनने दिलेली कारणं कोण वाचतो? घसा लवकर बसतो म्हणून, किंवा ऐकणारे मध्येच शंका विचारत बसतील म्हणून. इतरांना ते जमत नसे, असं तो कुठेही म्हणत नाही.

त्याच्या चारशेहून अधिक वर्षं आधी, इ.स.पू. ६३ मध्ये, रोमच्या सिनेटमध्ये, सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटावर खडाजंगी चालू होती. सीझर आणि त्याचा विरोधक कॅटो जवळजवळ उभे होते. बाहेरून आलेली चिठ्ठी सीझरने मुकाट्याने वाचली. शत्रूचा निरोप आलाय, असा कॅटोने आरडाओरडा केला, तेव्हा सीझरने ती त्याच्याच हातात दिली. निघालं काय, तर कॅटोच्या सावत्र बहिणीने, सर्व्हिलियाने, सीझरला लिहिलेलं प्रेमपत्र! 'घे, दारुड्या,' म्हणत कॅटोने ती परत फेकली. हे प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहिलंय. सीझर मोठ्याने वाचत असता, तर शेजारच्या कॅटोला संशय घ्यायची गरजच पडली नसती.

जागेबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. शतकानुशतकं लॅटिन पुस्तकं सलग लिहिली गेली. पण आधी तसं नव्हतं. रोममधल्या इ.स. ११३ च्या ट्राजन स्तंभावरचा लेख बघा: 'सेनातुस·पोपुलुस्क्वे·रोमानुस' (सिनेट आणि रोमन जनता), शब्दाशब्दांत ठिपका. आम्ही लिहितानाही ठिपके देतो, असं पहिल्या शतकातला रोमन लेखक सेनेका स्वतः सांगतो. पुढे सलग लिहिणाऱ्या ग्रीकांच्या धर्तीवर ते ठिपके गेले. जागा सोडायची पद्धत बसवली ती सातव्या-आठव्या शतकांतल्या आयरिश भिक्षूंनी. लॅटिन त्यांची मातृभाषा नव्हती; सलग ओळीत शब्द कुठे संपतो हे इटलीतल्या माणसाला कानाने कळे, यांना ते डोळ्यांना दिसावं लागे. गुटेनबर्गचं बायबल १४५५ च्या सुमाराचं, म्हणजे सातशे वर्षांनंतरचं. त्याने जागा आणली नाही, हस्तलिखितांतली उचलली.

शार्लमेनचं तर विचारूच नका. त्याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो, की सम्राट उशीखाली पाट्या ठेवून अक्षरं गिरवायचा, पण फार उशिरा सुरुवात केल्याने ते त्याला साधलं नाही. शाळा आणि शुद्ध ग्रंथ यांसाठी त्याने जोर लावला, हे श्रेय त्याचंच. लहान अक्षरं मात्र फ्रान्समधल्या कॉर्बीसारख्या मठांतल्या लेखनिकांनी घडवली.

आणि देवनागरी? जुन्या पोथ्या उघडून बघा, शिरोरेषा न तुटता धावते आणि शब्द एकमेकांना चिकटलेले असतात. मोडीत तर आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जात, शब्द न तोडता.