किती टाके पडले ते नंतर विचारा

मारामारीत बाटली लागलेला माणूस घरी आला की बघायला येणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "किती टाके पडले?" तीन म्हटलं तर "मग काही नाही रे, वाचलास" आणि वीस म्हटलं तर घरभर रडारड. कॅज्युअल्टीत काम करताना मला या टाक्यांच्या हिशेबाचा मनापासून राग येतो. डोक्याला वीस टाके पडलेला पोरगा आठ-दहा दिवसांत टाके काढून कामाला लागतो. मनगटावर तीनच टाके पडलेल्याचा हात मात्र कधी कधी कायमचा कामातून जातो.

काच आत शिरते, हीच तिची गोम. काठी लागली की सूज येते, कातडी फाटते, जे झालं ते डोळ्यांना दिसतं. फुटलेल्या बाटलीच्या टोकाने वर जेमतेम दीड सेंटीमीटरची चीर पडते आणि खाली टेंडन (बोट हलवणारी, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), नस (म्हणजे संवेदना वाहणारा मज्जातंतू), रक्तवाहिनी कापली गेलेली असते. त्यात वार चुकवायला माणूस हात पुढे करतो, म्हणजे घाव नेमका तळहातावर नाहीतर मनगटावर. या सगळ्या वस्तू तिथे कातडीच्या लगेच खाली असतात.

म्हणून टाके घालण्याआधी, आणि भुलेचं इंजेक्शन देण्याच्याही आधी, हात तपासायला हवा. एकदा जागा बधिर केली की नस तुटल्यामुळे बधिर आहे की इंजेक्शनमुळे, कोण सांगणार? हात उताणा करून सैल सोडायला लावायचा. धडधाकट हाताची बोटं आपोआप थोडी वाकलेली राहतात, करंगळीकडे जास्त. त्या रांगेत एखादंच बोट सरळ पडलेलं दिसलं तर त्याचं टेंडन गेलं असं धरून चालायचं. मग एकेका बोटाचं टोक वाकवायला सांगायचं, आपण थोडा विरोध करायचा, आणि बोटांच्या पेरांना हात लावून "इथे कळतंय का?" विचारायचं. बोट हललं म्हणूनही निर्धास्त व्हायचं नाही. अर्धवट कापलेलं टेंडन आज हलतं आणि आठवड्याने बादली उचलताना तुटतं.

दोन-चार मिनिटांचं काम. पण शनिवारी रात्री पेशंट प्यायलेला, पाच नातेवाईक अंगावर आलेले, दुसरी पार्टी गेटवर उभी. अशा वेळी "टाके घाला आणि पाठवा" हेच होतं. हॉटेलात काम करणारा एक जण माझ्याकडे जखमेनंतर दीड महिन्याने आला होता. टाके सुबक, व्रण बारीक. करंगळी आणि शेजारच्या बोटाचा अर्धा भाग बधिर, आणि शर्टाची बटणं बायको लावून देते म्हणाला. पहिल्या काही दिवसांत टेंडन जोडणं सोपं असतं. उशीर झाला की टोकं आत ओढली जातात, चिकटतात, आणि सर्जनचंही काम दुप्पट होतं. नस जोडल्यावर रोज साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे किती महिने लागतात ते कळेल. टेंडन जोडलं तर नंतरची फिजिओथेरपी टाळणाऱ्यांबद्दल बोलायला मला वेगळी पोस्ट लागेल.

"काच एक्स-रेत दिसत नाही" हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय. दिसते. दोन मिलिमीटरच्या वरचा तुकडा बहुतेक वेळा स्पष्ट दिसतो, बाटली हिरवी असो की पांढरी. आत काहीतरी टोचतंय असं पेशंट म्हणत असेल तर एक्स-रे मागून घ्या.

घटनेच्या जागी एवढंच करा: स्वच्छ कपड्याने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, 108 ला फोन करा. रुतलेली मोठी काच उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. डोळ्याला लागलं असेल तर दाबायचं नाही, चोळायचं नाही. हळद, कॉफी, तंबाखू काहीही भरू नका, ते खरवडून काढण्यात आमचा वेळ जातो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं मात्र विचारा. आणि एकाच बाटलीने दोघांना लागलं असेल तर तेही सांगा, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. डोक्यात बाटली बसलेला माणूस सुस्तावला तर "दारू चढलीय, झोपू दे" म्हणून सोडू नका.

बांगडीची काचही काचच. मनगट पिरगाळताना बांगड्या फुटतात आणि तुकडे आत जातात. सोबत सासू किंवा नवरा असेल तर "भरताना फुटली" हेच उत्तर येतं. मी ड्रेसिंगच्या निमित्ताने सगळ्यांना बाहेर काढते आणि मग पुन्हा विचारते. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला तेव्हाच सांगते.

आता पोलीस. "आधी स्टेशनला जाऊन या, मग बघू" असं सांगणारे दवाखाने अजून आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय की सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) दवाखान्यातूनच नोंदवली जाते, काढलेले काचेचे तुकडे सीलबंद करून पोलिसांकडे जातात. भारतीय न्याय संहितेत धोकादायक हत्याराने केलेल्या दुखापतीला कलम 118 आहे. साध्या दुखापतीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर असेल तर जन्मठेपेपर्यंत. चेहरा कायमचा विद्रूप होणं किंवा अवयवाची शक्ती कायमची जाणं हे गंभीर दुखापतीत मोडतं. टाक्यांची संख्या त्या व्याख्येत कुठेही नाही. पहिल्या रात्रीच्या कागदावर फक्त "मनगटावर जखम, तीन टाके" लिहिलं असेल तर पुढे कोर्टात समोरचा वकील ते बधिर बोट दुसऱ्याच कशाने झालं म्हणतो. तेव्हा घरी निघण्याआधी केसपेपर वाचा. बोटांची हालचाल आणि संवेदना तपासल्याचं लिहिलेलं नसेल तर तिथेच डॉक्टरांना सांगून तपासून, लिहून घ्या. आम्ही चिडलो तरी चालेल.