डब्यावरचे ६५ वॅट म्हणजे वीजबिल नव्हे

नागपूरच्या सीताबर्डीत कॉम्प्युटर जोडून घेणाऱ्यांमध्ये सध्या प्रोसेसरबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपबद्दल, एक मेसेज फिरतोय: "इंटेल असो की एएमडी, डब्यावर ६५ वॅट लिहिलंय ना, मग दोन्ही सारखीच वीज खातात. स्वस्त असेल तो घ्या." हे चूक आहे.

तो आकडा कमाल वापराचा नाही. इंटेलचा कोअर आय-७ १३७०० घ्या. ६५ वॅट ही त्याची बेस पॉवर, म्हणजे मूळ वेगाने काम करतानाची वीज. जोर लागला की कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे तो २१९ वॅटपर्यंत जातो. एएमडीच्या रायझन ७ ७७०० वरही ६५ च लिहिलंय, पण त्याची मर्यादा ८८ वॅट. लेबल एकच, फरक अडीचपट!

म्हणून इंटेल वाईट, असंही म्हणू नका. बिल वॅटवर येत नाही, वॅट गुणिले वेळेवर येतं. एखादा व्हिडिओ तयार करायचं काम एका प्रोसेसरने २०० वॅट घेऊन १० मिनिटांत संपवला, तर सुमारे ३३ वॅट-तास झाले. दुसऱ्याने १०० वॅटवर २५ मिनिटं लावली, तर जवळपास ४२. कमी वॅटवालाच महाग पडला. टायपिंग, ब्राउझिंग करताना तर दोन्ही या आकड्यांच्या खूप खालीच असतात.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा कूलिंगकडे नीट बघा. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि मोजलेले पैसे वाया जातात. दुकानदाराला कमाल वीज-मर्यादा विचारा (इंटेलमध्ये तिला कमाल टर्बो पॉवर म्हणतात, एएमडीमध्ये पीपीटी), आणि आपल्याच कामाची चाचणी बघून ठरवा.