बरॅकमधली खरूज अंघोळीने जात नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: "तुरुंगात खरूज पसरते कारण कैदी अंघोळच करत नाहीत. कडुलिंबाचं पाणी आणि साबण द्या, आठवड्यात साफ. ज्याला खाज सुटते त्याला वेगळा काढा, सगळ्यांच्या औषधावर सरकारी पैसा कशाला?" तिन्ही गोष्टी चुकीच्या, आणि शेवटची सगळ्यांत महागात पडणारी.

अंघोळीचं आधी. खरजेच्या किड्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहून लहान. ती कातडीच्या वरच्या थरात बीळ कोरून राहते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही ती सोडत नाही. तिला हवा असतो अंगाला अंगाचा बराच वेळ स्पर्श. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या शेफील्डला कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांना रुग्णांचे न धुतलेले कपडे घालायला लावले, तर लागण क्वचितच झाली. रुग्णाबरोबर एका अंथरुणात झोपवल्यावर मात्र झाली.

आता आपले तुरुंग बघा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 2022 च्या आकड्यांनुसार शंभर जणांच्या जागेत 131 माणसं, त्यातले तीन-चतुर्थांश कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीतच नाही. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात तर 804 च्या क्षमतेत तीन हजारांवर माणसं असल्याच्या बातम्या कितीदा आल्या. तिथे कुशीवर, एकमेकांना चिकटूनच झोपावं लागतं. दोष साबणाचा की जागेचा?

कडुलिंबाचं पाणी बिळापर्यंत पोचत नाही. गंधकाचं मलम मात्र खरंच चालतं, पण ते अंगावर राहू द्यावं लागतं.

"वेगळा काढा" हा सल्ला ऐकायला शहाणा वाटतो. पण पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि तेवढ्या काळात तो इतरांना खरूज देत असतो. खाजवणारा एक बाहेर काढलात, तरी न खाजवणारे आतच राहिले. तो बरा होऊन परतला की पुन्हा घेणार.

म्हणून अख्ख्या बरॅकला, खाज असो-नसो, एकाच रात्री औषध. 5 टक्के परमेथ्रिनचं (किडे मारणाऱ्या औषधाचं) मलम मानेपासून तळपायापर्यंत: बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, बेंबीत, जांघेत. पाठीला दुसऱ्याने लावायचं. हात धुतले की हाताला पुन्हा. सकाळी अंघोळ, आठवड्याने परत तेच. किंवा वजनानुसार आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाच्या गोळ्या, त्याही दोनदा, कारण अंडी त्यांना दाद देत नाहीत. कपडे-कांबळी त्याच दिवशी गरम पाण्यात, नाहीतर पिशवीत चार दिवस बांधून. त्यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. तेवढ्यावरून औषध फुकट गेलं म्हणू नये.

राहिला पैसा. फिजीत अख्ख्या वस्तीला आयव्हरमेक्टिन दिल्यावर वर्षभरात खरजेचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांखाली आलं. इकडे एकेकट्याला मलम देत राहिलात तर तेच मलम दर महिन्याला लागेल, खाजवून चिघळलेल्या जखमांमुळे मूत्रपिंड सुजलेल्यांचा खर्च वेगळा. शिवाय रोज नवे लोक आत येतात, जामिनावर जुने घरी जातात. आत येणाऱ्याचे हात दारातच तपासायला तर काहीच पैसे पडत नाहीत.