डोंगरावरच्या गावात गाडी घालावी कशी

इटलीला जाऊन आगगाडीने फिरणारेही लोक असतात. त्यांच्याबद्दल आपण काही बोलायचं नाही. तुम्ही आई, बाबा, मावशी, बायको-मुलं धरून सात जण जाणार, तेव्हा भाड्याची गाडी घ्या आणि गाडीवाल्याकडे असतील त्यांतली सगळ्यात मोठी घ्या. तोस्काना (म्हणजे टस्कनी) आणि उंब्रिया या इटलीच्या प्रांतांतली ही गावं शत्रूला सहजासहजी शिरता येऊ नये म्हणून डोंगरमाथ्यावर, तटबंदीच्या आत वसवलेली आहेत. राजगडाला जाताना आपण गाडी मुकाट्याने गुंजवण्यात ठेवतो. पण तो आपला देश. परदेशात भाडं युरोमध्ये मोजलेलं असतं, तेव्हा गाडी गडावर गेलीच पाहिजे.

स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पहिले दोन दिवस डावा हात दारावर आपटत गिअर शोधत राहील. आपटू द्या.

आता सिएना. वेशीशी लाल किनारीची पांढरी गोल पाटी दिसते, 'झोना आ त्राफ्फिको लिमितातो'. खाली दिव्यांच्या अक्षरांत 'वार्को आत्तीवो'. आत्तीवो म्हणजे ॲक्टिव्ह, ॲक्टिव्ह म्हणजे चालू, चालू म्हणजे जा, असा अर्थ आमच्या चिरंजीवांनी लावला आणि मी इंग्रजी माध्यमावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात चालू असतो तो कॅमेरा. परवाना नसलेल्यांना आत बंदी.

आत गेल्यावर गल्ली अरुंद होत जाईल. घाबरू नका, आरसे मिटा. आमच्यासाठी एका आजींनी दारातली जिरेनियमची कुंडी उचलून घरात नेली, कॅफेवाल्याने खुर्च्या आत ओढल्या, दोघे-तिघे भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मावशी म्हणाली, "किती अगत्य रे या लोकांना!" बाबा मागून "अरे, विचार ना त्याला" म्हणत होते. ज्याला विचारायचं तो दोन्ही हात हवेत उडवून जे बोलत होता, ते भाषांतराशिवायही कळत होतं.

कसेबसे बाहेर पडलात की पार्किंग शोधा. पांढरे पट्टे फुकट, निळे पैशाचे, पिवळे रहिवाशांसाठी वगैरे राखीव. आपल्याकडे पिवळा शुभ मानतात, एवढंच सांगतो.

जेवायला बरोबर तीन वाजता पोहोचा. अडीचला स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, ते संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडत नाही. म्हणजे पुन्हा पाव. तोस्कानाच्या पावात मीठ नसतं. मावशीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यावर अशी काही लागते की या दोघांची गाठ शतकांपूर्वीच पडायला हवी होती. रात्री बिलात 'कोपेर्तो' दिसेल, म्हणजे बसण्याचे माणशी पैसे. "आम्ही पावाला हातही लावला नाही" हा वाद मराठीत घालावा, निकाल तोच लागतो पण बरं वाटतं.

सान जिमिन्यानोत पूर्वी सुमारे ७२ मनोरे होते, आता १४ उरलेत. गावातल्या धनाढ्य घराण्यांनी एकमेकांवर ताण करायला बांधलेले. गरजेपेक्षा मोठी गाडी घेणाऱ्याला ही घराणी आपल्याच सोसायटीतली वाटतील. मनोरे पार्किंगमधूनही दिसतात.

ऑर्व्हिएतोची विहीर मात्र चुकवा. पोप सातव्या क्लेमेंटच्या हुकमाने १५२७ साली खोदायला घेतलेली. तिच्यात २४८ पायऱ्यांचे दोन गोल जिने एकमेकांत असे गुंफलेत की पाणी न्यायला उतरणारं आणि चढणारं खेचर समोरासमोर येतच नसे. आदल्याच दिवशी तासभर भाजीच्या टेंपोसमोर नाकाला नाक लावून बसलेल्या माणसाने हे बघू नये. चिविता दी बान्योरेज्योही यादीतून काढा. तिथे फक्त पायपुलावरून चालत जाता येतं. मग गाडी काय शोभेला घेतली?

परत आल्यावर निवांत राहा. आधी गाडीवाले तुमचा पत्ता इटलीच्या पोलिसांना कळवल्याचं सेवाशुल्क कार्डावरून कापतील. दंडाचं पाकीट मागाहून येतं. पोलिसांना ते पाठवायला ३६० दिवसांची मुदत असते, घाई कशाला? आमची दोन आली, ऐन दिवाळीत. वेशीतून बाहेर पडून नऊ मिनिटांनी आम्ही पुन्हा त्याच वेशीतून आत शिरलो होतो. पाच दिवसांत भरल्यास ३० टक्के सूट, हे बाबांना फार आवडलं.

मावशीने चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिला. "सिएना म्हणजे कोणतं रे? तिथे आपण उतरलो होतो का?"